बँकेचे ॲप अडते तेव्हा: नेमके कारण शोधून सुरक्षितपणे वाट काढण्याची पद्धत

फोन तोच असतो, खाते तेच असते, पासवर्डही बदललेला नसतो, आणि तरीही एखाद्या सकाळी बँकेचे ॲप उघडल्यावर ‘सुरक्षेच्या कारणास्तव हे ॲप या उपकरणावर वापरता येणार नाही’ एवढी एकच ओळ येते आणि ॲप आपोआप बंद होते. कोणते कारण, कालपासून काय बदलले, आता काय करायचे, यांपैकी कशाचाच उल्लेख त्या ओळीत नसतो. आपल्याच पैशांपर्यंत पोहोचता येत नाही म्हटल्यावर संताप येणे स्वाभाविक आहे. मात्र त्या संतापाच्या भरात बहुतेक जण ॲप काढून परत टाकतात आणि तिथेच साधी अडचण मोठी होते. अशा अडचणींचे मूळ कसे ओळखावे, कोणत्या क्रमाने काय तपासावे आणि कोणत्या बाबतीत माघार न घेता बँकेकडे दाद मागावी, हे या लेखात सविस्तर मांडले आहे.

ॲप काढण्याची घाई का करू नये

बँकेचे ॲप पहिल्यांदा सुरू करताना आपण कार्डाचा तपशील, मोबाइल क्रमांक आणि ओटीपी देऊन नोंदणी करतो. त्याच वेळी ॲप त्या फोनपुरती एक गुप्त किल्ली तयार करते. ही किल्ली फोनच्या सुरक्षित भागात, म्हणजे वेगळ्या चिपमध्ये किंवा प्रोसेसरच्या राखीव कप्प्यात ठेवली जाते आणि तिथून ती बाहेर काढता येत नाही. बँकेच्या लेखी ‘तुमचा फोन’ म्हणजे प्रत्यक्षात ही किल्ली होय. अँड्रॉइडवर ॲप काढले की ती नष्ट होते. सेटिंग्जमध्ये जाऊन ॲपचा डेटा पुसला तरी परिणाम तोच होतो. त्यानंतर बँकेच्या दृष्टीने तुम्ही नव्या फोनवरून आलेली अनोळखी व्यक्ती ठरता. पुन्हा कार्ड शोधणे, ओटीपीची वाट पाहणे आणि अनेक बँकांच्या बाबतीत नव्या फोनवरून काही काळ मोठी रक्कम पाठवता न येणे, हे सारे त्यातून ओढवते. शिवाय अडचण फोनच्या एखाद्या सेटिंगमध्ये असेल तर इतके करूनही तीच ओळ पुन्हा समोर येते, फरक इतकाच की आता हातात जुनी नोंदणीही उरलेली नसते.

कॅशे पुसणे ही निराळी गोष्ट आहे. त्यात केवळ तात्पुरत्या फायली जातात, नोंदणी शाबूत राहते. तेव्हा काही पुसायचेच असेल तर कॅशे पुसावी आणि डेटा पुसण्याच्या बटणाला हात लावू नये. ही दोन्ही बटणे बहुतेक फोनमध्ये एकाच पानावर शेजारी असतात, म्हणून दाबण्यापूर्वी शब्द नीट वाचून घ्यावेत.

पहिली पायरी: काहीही बदलण्याआधी नोंद घ्यावी

पडद्यावर आलेला संदेश शब्दशः लिहून घ्यावा. त्यासोबत एखादा क्रमांक किंवा कोड दिसत असेल तर तो आवर्जून टिपावा, कारण बँकेच्या तांत्रिक विभागाला बहुतेकदा त्यावरूनच कारण कळते. स्क्रीनशॉट घेण्याचा प्रयत्न केल्यास बहुधा काळे चित्र मिळेल. बँकेची ॲप्स आपल्या पडद्याची प्रतिमा घेण्यास मुद्दाम मनाई करतात, जेणेकरून लपून बसलेल्या दुसऱ्या ॲपला तो पडदा टिपता येऊ नये. त्यामुळे कागदावर लिहून घेणे हाच सोपा मार्ग आहे.

मग मागील दोन दिवसांत काय बदलले ते आठवावे. फोनचे अपडेट झाले का, नवे ॲप घेतले का, नवा बोटाचा ठसा नोंदवला का, सिम बदलले का, फोन दुरुस्तीला गेला होता का, नवे व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवणारे ॲप) सुरू केले का? बहुतेक वेळा उत्तर याच यादीत सापडते. यांपैकी काहीच घडले नसेल तर दोष बँकेच्या बाजूला असण्याची शक्यता वाढते. अशा वेळी दुसऱ्या उपकरणावरून, पत्ता स्वतः टाइप करून, बँकेचे संकेतस्थळ उघडून पाहावे. तेही बंद असेल तर थांबणे उत्तम. या काळात पिन पुन्हापुन्हा टाकून पाहू नये, कारण चुकीच्या प्रयत्नांची मोजणी चालूच राहते आणि बँकेची यंत्रणा पूर्ववत झाल्यावर तुमचे खाते मात्र कुलूपबंद झालेले आढळते.

ॲप नेमका कोणता प्रश्न विचारत आहे

बाहेरून सगळे अडथळे सारखेच दिसत असले तरी त्यांच्यामागे मोजके प्रश्न असतात. हा फोन मूळ स्थितीत आहे का? फोन हाताळणारी व्यक्ती तीच आहे का? दुसरे एखादे ॲप हा पडदा पाहत तर नाही ना? आणि बँकेपर्यंतच्या वाटेत मध्येच कोणी बसलेले नाही ना? आपल्याला अडवणारा प्रश्न कोणता हे कळले की उपायही नेमका करता येतो, आणि बाकीची सुरक्षा उगाच सैल करावी लागत नाही.

फोन मूळ स्थितीत आहे का?

अँड्रॉइड फोनवर बँकेचे ॲप हा प्रश्न बहुधा गूगलच्या प्ले इंटिग्रिटी या व्यवस्थेमार्फत विचारते. पूर्वी हेच काम सेफ्टीनेट करत असे. फोनचा बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा भाग) उघडला आहे का, मूळ प्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम बदलली आहे का, ॲप अधिकृत ठिकाणाहून आले आहे का, हे पाहून ही व्यवस्था फोनला पातळी देते: प्राथमिक, उपकरणाची आणि सर्वांत वरची भक्कम. कोणती पातळी पुरेशी मानायची हे मात्र बँक ठरवते. म्हणूनच एकाच फोनवर एका बँकेचे ॲप चालते आणि दुसऱ्या बँकेचे अडते. मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ किंवा त्यापुढच्या फोनला भक्कम पातळी मिळवायची असेल तर मागील १२ महिन्यांतले सुरक्षा अपडेट असणे आवश्यक झाले आहे. ज्या फोनला कंपनीने अपडेट देणे थांबवले आहे, तो फोन त्यामुळे मालकाने काहीही न करता एके दिवशी या पातळीखाली घसरू शकतो.

तपासणी अशी करावी. सेटिंग्जमध्ये फोनची माहिती असलेल्या पानावर सुरक्षा अपडेटची तारीख पाहावी आणि नवे अपडेट उपलब्ध असेल तर ते आधी घ्यावे. त्यानंतर प्ले स्टोअर उघडून त्याच्या सेटिंग्जमधील माहितीच्या विभागात फोन प्रमाणित आहे की नाही ते पाहावे. मग डेव्हलपर ऑप्शन्स, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या खास सेटिंग्ज, चालू राहिले आहेत का ते बघावे. फोन दुरुस्त करणाऱ्याने किंवा संगणकावर फायली घेण्यासाठी आपणच कधीतरी यूएसबी डिबगिंग (संगणकावरून फोन हाताळू देणारी त्यांतलीच सोय) चालू केलेले असते आणि ते बंद करायचे राहून जाते. काही बँकांची ॲप्स एवढ्या एका कारणावरून उघडत नाहीत. फक्त डिबगिंग बंद करून भागले नाही तर डेव्हलपर ऑप्शन्सचा मुख्य स्विचच बंद करावा, फोन पुन्हा सुरू करावा आणि मग ॲप उघडून पाहावे.

स्वतः रूट केलेल्या (म्हणजे प्रणालीचे सर्वोच्च अधिकार मिळवलेल्या) किंवा दुसरी प्रणाली टाकलेल्या फोनचा विचार निराळा करावा लागतो. रूट असल्याचे ॲपपासून लपवण्याच्या युक्त्या आहेत, पण त्यांचा सल्ला मी देणार नाही. त्या प्रत्येक बदलानंतर मोडतात, त्यांसाठी अनोळखी हातांनी बनवलेल्या फायलींना फोनचे सर्वोच्च अधिकार द्यावे लागतात, आणि पुढे पैसे गेले तर ‘फोनमध्ये फेरफार केला होता’ हे उत्तर बँकेच्या हाती आयतेच पडते. तरीही या वापरकर्त्यांची तक्रार निराधार नाही. ग्राफीनओएससारखी, अँड्रॉइडवर आधारलेली आणि सुरक्षेवर भर देणारी प्रणाली बूटलोडर बंद ठेवून चालते, तिला सुरक्षा अपडेट नियमित मिळतात, आणि तरी गूगलने प्रमाणित केलेली नसल्यामुळे ती नाकारली जाऊ शकते. त्याच वेळी, कित्येक वर्षांत एकही अपडेट न मिळालेला पण कारखान्यातून आला तसाच असलेला फोन मधल्या पातळीवर उत्तीर्ण होऊ शकतो. धोका कुठे जास्त आहे हे पाहिले तर हा न्याय उलटा वाटतो, आणि ते बँकेला स्पष्ट शब्दांत कळवायला हवे. तोवर संकेतस्थळावरून व्यवहार करणे, बँक देत असल्यास कोड दाखवणारे वेगळे छोटे उपकरण घेणे, किंवा केवळ बँकेच्या कामासाठी एक साधा प्रमाणित फोन बाजूला ठेवणे, हे पर्याय उरतात.

नवा फोन घेताना कॅमेऱ्याच्या आधी किती वर्षे सुरक्षा अपडेट मिळणार ते पाहावे. २०२३ मध्ये आलेल्या पिक्सेल ८ साठी गूगलने आणि २०२४ मध्ये आलेल्या गॅलेक्सी एस२४ साठी सॅमसंगने ७ वर्षांचे आश्वासन दिले. अनेक स्वस्त फोनना यापेक्षा पुष्कळ कमी मुदत मिळते, आणि बँकेचे ॲप एक दिवस जुन्या प्रणालीचा आधार काढून घेते तेव्हा फोन चांगला चालत असूनही बदलावा लागतो.

बोटाचा ठसा: एका संध्याकाळची गोष्ट

माझ्या आईच्या अंगठ्याचा ठसा फोनला ओळखता येईना. काम करून त्वचा झिजलेली. पाच वेळा बोट पुसून, फुंकर मारून ठेवावे तेव्हा एकदा कुलूप उघडायचे. तिची चीडचीड पाहून मी फोनमध्ये तिच्या दुसऱ्या हाताचे मधले बोट नोंदवून दिले. कुलूप लगेच उघडू लागले आणि आम्ही दोघेही समाधानी झालो. रात्री तिने बँकेचे ॲप उघडले, तेव्हा ठशाचे चिन्हच गायब होते आणि त्या जागी पासवर्ड मागणारी रिकामी चौकट होती. तो पासवर्ड तिने नोंदणीच्या दिवशी एकदाच टाकला होता. तिने आठवून एक टाकला, मग शेवटचा अंक बदलून दुसरा, मग तिसरा. तिसऱ्यानंतर खाते बंद झाल्याचा संदेश आला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “अरे, बोट माझंच आहे ना?”

बोट तिचेच होते, पण ॲपला ते कळण्याचा मार्ग नव्हता. फोन ॲपला ठसा दाखवत नाही, कोणत्या बोटाचा तेही सांगत नाही. ‘नोंदवलेल्यांपैकी एक जुळला’ एवढेच उत्तर देतो. म्हणजे कुलपाचा पिन ठाऊक असलेल्या कोणीही गुपचूप स्वतःचे बोट नोंदवले तर त्या बोटाने बँकही उघडेल. हे टाळण्यासाठी बँकेची ॲप्स आपली किल्ली अशा रीतीने बनवतात की नवा ठसा किंवा चेहरा नोंदवला जाताच ती कायमची निकामी व्हावी. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींवर ही सोय आहे आणि ती अतिशय रास्त आहे. चूक एवढीच, की नवा ठसा घेताना फोन त्याची पूर्वसूचना देत नाही आणि बँकेचे ॲपही ‘ठसे बदलल्यामुळे पासवर्ड मागत आहोत’ असे सांगत नाही. ते एक वाक्य त्या चौकटीवर असते तर आईने अंदाजाने तीन प्रयत्न केलेच नसते.

म्हणून नवा ठसा नोंदवण्याआधी बँकेचा पासवर्ड किंवा पिन आपल्याला नक्की ठाऊक आहे याची खात्री करावी. शक्यतो ठशाऐवजी पासवर्डने एकदा आत जाऊन पाहावे. ठसे नोंदवायचे ते बँकेची नोंदणी करण्यापूर्वीच नोंदवावेत: दोन्ही अंगठे, दोन्ही तर्जनी, आणि त्वचा झिजलेली असेल तर तेच बोट दोनदा. घरातल्या दुसऱ्या कोणाचाही ठसा त्या फोनमध्ये ठेवू नये, मग विश्वास कितीही असो. पासवर्ड आठवत नसेल तर अंदाज बांधत बसण्यापेक्षा ‘पासवर्ड विसरलात’ हा मार्ग पहिल्याच चुकीनंतर धरावा.

याच्याच जवळची एक तक्रार सतत ऐकू येते: चेहरा दाखवल्यावर फोन उघडतो, मग बँक का उघडत नाही? अँड्रॉइडमध्ये ओळख पटवणाऱ्या व्यवस्थांचे तीन वर्ग केलेले आहेत. छायाचित्र, मुखवटा किंवा बनावट ठसा अशा नकलेला फसण्याचे प्रमाण ७ टक्क्यांपर्यंत असेल तरच त्या व्यवस्थेला तिसरा, म्हणजे सर्वांत भक्कम वर्ग मिळतो. साध्या पुढच्या कॅमेऱ्यावर चालणारी चेहऱ्याची ओळख बहुतेक फोनमध्ये त्या वर्गात बसत नाही. किल्लीचे संरक्षण मागणारी बँकेची ॲप्स तिसरा वर्गच स्वीकारतात, त्यामुळे अशा फोनवर ठसा वापरणे हाच उपाय आहे. सेटिंग्ज कितीही चाळल्या तरी इथे दुसरे काही हाती लागणार नाही.

पडदा दुसरे कोणी पाहत आहे का?

सर्वांत गुंतागुंतीचा आणि सर्वांत गांभीर्याने घ्यायचा प्रश्न हा आहे. अँड्रॉइडमधील ॲक्सेसिबिलिटी सेवा दृष्टिहीन आणि अपंग वापरकर्त्यांसाठी आहेत. त्यांना पडद्यावरचा मजकूर वाचता येतो आणि वापरकर्त्याच्या वतीने बटणेही दाबता येतात. नेमके हेच अधिकार चोरांनाही हवे असतात. २०२१ मध्ये अनेक देशांत पसरलेल्या फ्लूबॉटने पार्सल आल्याचा बनावट एसएमएस पाठवून लोकांकडून ॲप बसवून घेतले, ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मिळवली आणि बँकेच्या ॲपवर हुबेहूब खोटा पडदा ठेवून पासवर्ड टिपले. अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून २०२२ मध्ये ती यंत्रणा बंद पाडली, पण पद्धत मागे राहिली आणि तिचे नवनवे अवतार येत असतात. म्हणूनच ॲक्सेसिबिलिटीची सेवा चालू दिसताच अनेक बँकांची ॲप्स थांबतात.

तपासणीसाठी सेटिंग्जमधील ॲक्सेसिबिलिटीच्या पानावर जाऊन आपण घेतलेल्या ॲप्सची यादी उघडावी. तिथे चालू असलेल्या प्रत्येक नावाबद्दल स्वतःला विचारावे: हे मी घेतले का, आणि याला माझा संपूर्ण पडदा वाचायची काय गरज आहे? बटणांचे काम बदलणारी, फोन वेगवान करण्याचे आश्वासन देणारी, कॉल नोंदवणारी ॲप्स इथे हमखास सापडतात. ज्याचे उत्तर समाधानकारक नाही ते बंद करून ॲपच काढून टाकावे. बाकीची एकेक करून बंद करावीत आणि दर वेळी बँकेचे ॲप उघडून पाहावे. सगळी एकदम बंद केली तर दोषी कोण ते कळत नाही. एखादे ॲप स्वतःला बंदच करू देत नसेल, पान उघडले की लगेच मागे ढकलत असेल, तर ते घातक आहे असेच समजावे: फोन इंटरनेटपासून तोडावा, सेफ मोडमध्ये (आपण घेतलेली ॲप्स बंद ठेवून) सुरू करून ते काढावे आणि दुसऱ्या उपकरणावरून बँकेला कळवून पासवर्ड बदलावा. अँड्रॉइड १३ पासून प्ले स्टोअरबाहेरून घेतलेल्या ॲपला ही परवानगी द्यायला गेल्यास फोन ती सेटिंग अडवून ठेवतो. तो अडथळा कसा ओलांडायचा हे एखादे ॲप किंवा फोनवरची व्यक्ती तुम्हाला पायरीपायरीने सांगू लागली, तर तिथेच थांबावे.

याच प्रश्नाची एक निरुपद्रवी बाजूही आहे. पडदा मंद किंवा पिवळसर करणारी ॲप्स, इतर ॲप्सवर तरंगणारी बटणे आणि गप्पांचे बुडबुडे हेही पडद्यावर थर चढवतात आणि बँकेच्या ॲपला तो खोट्या पडद्यासारखाच दिसतो. रात्रीचा पिवळा प्रकाश हवा असेल तर फोनमधली मूळ सोय वापरावी. पडदा दुसऱ्याला दाखवणारी किंवा दुरून फोन चालवू देणारी ॲप्स मात्र काम संपताच काढून टाकावीत. त्यांचा कायदेशीर उपयोग आहे, तरी बँकेच्या व्यवहाराच्या वेळी त्यांना जागा नाही.

आणि ज्यांना ही सेवा खरोखरच लागते त्यांचे काय? टॉकबॅक (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सेवा) बंद करा म्हणजे ॲप चालेल, असे दृष्टिहीन ग्राहकाला सांगणे म्हणजे त्याला बँकेबाहेर काढणे आहे. प्रत्येक वेळी अंकांची जागा बदलणारा कीपॅड, वाचता न येणारे चित्रातले अंक आणि वीस सेकंदांत संपणारी मुदत हे सगळे याच वर्गाच्या वाट्याला येते. यावर तांत्रिक उत्तर अस्तित्वात आहे. अँड्रॉइड १४ पासून ॲप बनवणाऱ्यांना पडद्याचा नाजूक भाग असा खुणावता येतो की तो खऱ्या सहायक साधनांनाच दिसावा आणि इतर सेवांना दिसू नये. बँकेकडे तक्रार करताना ही सोय उपलब्ध असल्याचा उल्लेख जरूर करावा. ‘सुरक्षेमुळे शक्य नाही’ हे उत्तर मग टिकत नाही.

ओटीपी वेळेवर येत नाही

ओटीपी उशिरा आला की आपण ‘पुन्हा पाठवा’ दाबतो आणि गोंधळ तिथे सुरू होतो. बहुतेक ठिकाणी नवा कोड निघाला की आधीचा रद्द होतो, पण एसएमएस पाठवलेल्या क्रमानेच पोहोचतील याची शाश्वती नसते. पहिला कोड उशिरा येतो, आपण तो टाकतो, तो चुकीचा ठरतो, आपण पुन्हा मागवतो आणि तेवढ्यात दुसरा येतो. म्हणून एकदाच मागवून मुदत संपेपर्यंत थांबावे; नाहीच आला तर दुसऱ्यांदा मागवावा. तरीही येत नसेल तर विमान मोड काही सेकंद चालू करून बंद करावा आणि अनोळखी क्रमांकांचे एसएमएस अडवणाऱ्या ॲपमध्ये किंवा स्पॅमच्या कप्प्यात तो पडला आहे का ते पाहावे.

एसएमएसचा मार्ग मुळातच फार मजबूत नाही. २०१७ मध्ये जर्मनीत चोरांनी दूरध्वनी जाळ्यांमधील एसएस७ या जुन्या संदेशव्यवस्थेचा गैरफायदा घेऊन ग्राहकांचे कोड वाटेतच वळवले आणि खात्यांतून पैसे काढले. त्याच वर्षी अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने एसएमएसने येणाऱ्या कोडला मर्यादित वापराच्या वर्गात टाकले. याहून नेहमीचा धोका सिम बदलण्याचा आहे: तुमच्या नावाने कोणीतरी दुसरे सिम मिळवतो आणि तुमच्या फोनचे नेटवर्क अचानक जाते. फोन बराच वेळ ‘नो सर्व्हिस’ दाखवत असेल आणि शेजारच्या माणसाचे त्याच कंपनीचे नेटवर्क नीट चालू असेल, तर ताबडतोब दुसऱ्या फोनवरून सिमच्या कंपनीशी आणि बँकेशी बोलावे. सिमला स्वतःचा पिन लावावा, म्हणजे चोरलेले सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून कोड वाचता येणार नाहीत. कुलूपबंद पडद्यावर एसएमएसचा मजकूर दिसणार नाही अशी सेटिंग करावी.

बँक ॲपमध्येच मंजुरी घेण्याची किंवा ऑथेंटिकेटरचा (फोनवरच कोड तयार करणाऱ्या ॲपचा) कोड वापरण्याची सोय देत असेल तर ती निवडावी. ऑथेंटिकेटरचे कोड फोनच्या घड्याळावरून ठरतात आणि साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतात. ते सतत चुकीचे ठरू लागले तर तारीख व वेळ आपोआप ठरण्याची सेटिंग चालू आहे का ते आधी बघावे. घड्याळ दोन मिनिटे पुढे असले तरी कोड नाकारला जातो.

पासवर्ड चिकटवू न देणारी चौकट

काही ॲप्स पासवर्डच्या चौकटीत चिकटवण्यास मनाई करतात आणि वर दर काही महिन्यांनी तो बदलायलाही लावतात. दोन्ही नियम कालबाह्य आहेत. एनआयएसटीने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पासवर्ड चिकटवू द्यावा असे सुचवले आहे आणि ठरावीक मुदतीने विनाकारण बदलायला लावू नये असेही म्हटले आहे, कारण अशा सक्तीने लोक शेवटचा अंक तेवढा वाढवतात. क्लिपबोर्डवरून पासवर्ड चोरीला जाऊ शकतो ही बँकांची भीती मात्र अगदीच खोटी नाही. तेव्हा पासवर्ड मॅनेजरची ऑटोफिलची सोय वापरावी. तीत मजकूर क्लिपबोर्डवर येतच नाही. तीही चालत नसेल तर परस्परांशी संबंध नसलेल्या चारपाच शब्दांचा लांब पासवर्ड ठेवावा, जो टाइप करायला सोपा आणि ओळखायला अवघड असतो.

वाटेतले अडथळे

ॲप उघडते पण ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते, तेव्हा वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर पाहावे. कार्यालयातील किंवा हॉटेलातील काही वाय-फाय जाळी मधल्या वाटेवर स्वतःचे प्रमाणपत्र (समोरच्या सर्व्हरची ओळख पटवणारी डिजिटल खूण) लावतात, आणि बँकेचे ॲप आपल्या ठरावीक प्रमाणपत्राशिवाय दुसरे स्वीकारत नाही. व्हीपीएन आणि जाहिराती अडवणारी ॲप्सही याच कारणाने आड येतात. त्यांत बहुधा एखाद्या ॲपपुरती सूट देण्याची सोय असते, ती वापरावी.

फोन बदलताना पाळायचा क्रम

नव्या फोनवर बॅकअपमधून ॲप येते, पण किल्ली येत नाही. त्यामुळे जुना फोन पुसण्याची घाई करू नये. आधी जुन्या फोनवर ऑथेंटिकेटरचे कोड नव्या फोनकडे नेण्याची प्रक्रिया पूर्ण करावी. मग नव्या फोनवर ठसे नोंदवून बँकेची नोंदणी करावी आणि एक छोटा व्यवहार करून पाहावा. तो झाल्यावर बँकेच्या सेटिंग्जमधील नोंदवलेल्या उपकरणांच्या यादीतून जुना फोन काढावा. सर्वांत शेवटी जुना फोन फॅक्टरी रीसेट करावा. फोन विकून टाकल्यानंतर हा क्रम आठवला तर पुष्कळ हेलपाटे पडतात.

चोरीची तयारीही याच वेळी करून टाकावी. बँकेच्या ॲपचा पिन फोनच्या पिनपेक्षा वेगळा ठेवावा, कारण चोर अनेकदा आधी कुलपाचा पिन टाकताना पाहतात आणि मग फोन हिसकावतात. आयफोनवर जानेवारी २०२४ च्या आयओएस १७.३ मध्ये चोरीपासून संरक्षणाची खास सोय आली. ती चालू असेल तर नेहमीच्या जागांपासून दूर असताना काही महत्त्वाचे बदल केवळ पिनवर होत नाहीत. कार्ड आणि खाते बंद करण्याचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून फोनपासून वेगळा ठेवावा. तो कार्डाच्या मागच्या बाजूवरून घ्यावा, इंटरनेटवर शोधून घेऊ नये, कारण शोधनिकालांत खोटे मदत क्रमांक पेरलेले असतात.

बँकेला कसे लिहावे

‘ॲप चालत नाही’ एवढे लिहिल्यास ‘काढून परत टाका’ एवढेच उत्तर मिळते. तक्रार लेखी करावी आणि तिच्यात फोनचे मॉडेल, प्रणालीची आवृत्ती, सुरक्षा अपडेटची तारीख, ॲपची आवृत्ती, संदेशाचे अचूक शब्द आणि घटना घडल्याची वेळ द्यावी. आपण काय काय तपासले तेही लिहावे. मग एकच स्पष्ट प्रश्न विचारावा: कोणत्या तपासणीत हा फोन अनुत्तीर्ण ठरला? पासवर्ड, पिन किंवा ओटीपी या पत्रव्यवहारात कधीही देऊ नये. खरा बँक कर्मचारी ते मागत नाही. तक्रारीचा क्रमांक घ्यावा आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर न आल्यास त्याच क्रमांकाचा उल्लेख करून वरच्या अधिकाऱ्याकडे जावे. आईच्या बाबतीत मी दोनदा असे लिहिले. दुसऱ्या पत्राला आलेल्या उत्तरात ठसे बदलल्याने किल्ली रद्द झाल्याचे त्यांनी मान्य केले आणि चौकटीवर तशी सूचना देण्याची मागणी पुढे पाठवल्याचे कळवले.

अडचण सुटल्यावर शोधाशोधीत जे जे बंद केले होते ते एकेक करून पुन्हा चालू करावे: प्ले प्रोटेक्ट (घातक ॲप्स शोधणारी गूगलची सोय), पडद्याचे कुलूप, व्हीपीएन, आपोआप होणारे अपडेट. प्रत्येकानंतर बँकेचे ॲप एकदा उघडावे आणि ज्याच्यानंतर ते पुन्हा अडले त्याचे नाव पहिल्या पायरीत केलेल्या नोंदीखाली लिहून ठेवावे.